गौरवाच्या प्रकाशात

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. अंबरनाथला आमच्या चाळीत एकच संच होता. 'प्रतिभा आणि प्रतिमा'त कलावंत स्वतः बोलत, मध्येच थांबत, आठवत. ते थांबणे मला आजही मोलाचे वाटते. पुढे अल्फा मराठीवर 'नक्षत्रांचे देणे' आले. गाणी सुरेख, निवेदन नेटके (मी काही भाग कॅसेटवर उतरवूनही ठेवले!), पण गौरवमूर्तीच्या अपयशाबद्दल क्वचितच कुणी बोले. शीर्षक आरती प्रभूंच्या संग्रहाचे. खानोलकर १९७६मध्ये गेले. त्या संग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला १९७८मध्ये. 'कोंडुरा' लिहिणाऱ्याचा काळोख ज्या मंचावर मावत नाही, त्याने नाव मात्र त्यांच्याकडून घ्यावे, हे मला खटकते.