माळ, शाळा आणि साहस : 'बनगरवाडी'च्या संदर्भात एक विचार

१

शाळकरी मुलांना वर्गाच्या चार भिंतींतून बाहेर काढावे, डोंगर, नदी आणि रान यांच्या सहवासात त्यांना काही दिवस ठेवावे आणि तंबू ठोकणे, चूल पेटविणे, वाट शोधणे, कडा चढणे यांसारखी कौशल्ये शिकवावी, ही कल्पना महाराष्ट्रात आता चांगलीच रुजली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांच्या दप्तराविना कालावधीची शिफारस आहे. २०२१ मध्ये राज्य शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यातील नोंदणीची व सुरक्षिततेची व्यवस्था आवश्यकच होती. परंतु 'पर्यटन' हा शब्द विचार करावयास लावणारा आहे. रानात जाणारा मुलगा तेथे पाहुणा आहे, हे गृहीत त्या शब्दात दडलेले आहे. हे गृहीत कितपत खरे आहे, याचा शोध मराठी साहित्याच्या साहाय्याने घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

या गृहीताचा उगम इंग्लंडातील आहे. बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर मुलांचा पहिला तळ भरविला. कुर्ट हान यांनी १९४१ मध्ये लॉरेन्स होल्ट या जहाजमालकाच्या साहाय्याने वेल्समधील अॅबरडोव्ही येथे 'आउटवर्ड बाउंड'ची पहिली शाळा काढली. औद्योगिक समाजातील मूल सुखासीन झाले आहे, त्याची धडाडी ओसरली आहे, म्हणून त्याला जाणूनबुजून कष्टांत घालावे, ही त्यांमागील भूमिका. एव्हरेस्टविजयानंतर १९५४ मध्ये दार्जिलिंग येथे हिमालयीन गिर्यारोहण संस्था स्थापन झाली आणि या परंपरेला भारतात भक्कम अधिष्ठान लाभले. विचाराची दिशा मात्र तीच राहिली : शहर हे घर, रान ही परीक्षा.

२

मराठीत या दिशेला सर्वांत समृद्ध वाङ्मयीन रूप दिले ते गो. नी. दांडेकर यांनी. तेराव्या वर्षी शाळा सोडून स्वातंत्र्यलढ्याकडे धावलेला आणि पुढे देशभर भटकलेला हा लेखक स्वतःच या शिक्षणाचे उदाहरण होता. तरुणांचे जथे घेऊन त्यांनी वर्षानुवर्षे दुर्ग पालथे घातले. त्यांच्या दुर्गविषयक लेखनात कष्ट हे स्वेच्छेने पत्करलेले आहेत आणि कड्याकपारींतून इतिहास बोलतो. येथे चढण ही एक प्रकारची उपासना ठरते. त्यांच्या कादंबऱ्यांचा सूर मात्र वेगळा आहे. 'पवनाकाठचा धोंडी' आणि 'माचीवरला बुधा' यांतील माणसे डोंगरावर चढत नाहीत, ती तेथली आहेत. बुधा मुंबई सोडून राजमाचीच्या माचीवर परततो, तो साहसासाठी नव्हे. एकाच लेखकाच्या साहित्यात डोंगराकडे जाणारा आणि डोंगराचा असणारा, असे हे दोन मानव शेजारी उभे आहेत. साहसशिक्षणाने पहिल्याचे बोट धरले. दुसऱ्याकडे त्याचे लक्ष गेले नाही.

या दुसऱ्या मानवाचे शाळेशी काय नाते असते, हा प्रश्न व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ने (१९५५) थेट विचारला आहे. औंध संस्थानातील एका धनगरवस्तीवर नेमणूक झालेला राजाराम हा कोवळा शिक्षक पहाटेच्या अंधारात माळ तुडवीत वाडीकडे निघतो, तेथे कादंबरीचा आरंभ होतो. साहसशिक्षणाची सारी मांडणी येथे उलटी झालेली दिसते. रानात नवखा आहे तो मास्तर. विद्यार्थी तेथे पुरते मुरलेले आहेत. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती मेंढरांमागे असतात. पाऊस कोठे पडला असेल, चारा कोणत्या अंगाला मिळेल, लांडगा कोणत्या वेळी येईल, हे ज्ञान त्या वस्तीच्या अंगवळणी पडलेले आहे. पण शाळेच्या हजेरीपटात त्याला रकाना नाही. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी यांच्या संगतीत शिक्षकच हळूहळू माळाचा विद्यार्थी बनतो. या अर्थाने 'बनगरवाडी' ही एका शिक्षकाच्या शिक्षणाची कथा आहे.

राजाराम वाडीला तालीम बांधून देतो आणि तिच्या उद्घाटनाला राजेसाहेब येतात, या प्रसंगाकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराला शाळांत स्थान दिले, हा इतिहास आहे. शरीरसंवर्धनाचा हा ध्यास कादंबरीत आदराने आला आहे; तथापि त्याच वाडीत शेकूची बायको औताला स्वतःचा खांदा देते. तालमीतील घाम आणि जुवाखालील घाम यांच्यात माडगूळकर शब्दानेही तुलना करीत नाहीत. ते दोन्ही दृश्ये केवळ एका पुस्तकात ठेवतात, आणि वाचकाला तेवढे पुरते. शेवटी दुष्काळ येतो, वाडी उठते, तालीम तशीच मागे राहते. जगविण्याचे कौशल्य म्हणून जे होते ते मेंढरांसह निघून गेले. शाळेने उभारलेले ते ओस पडले. कादंबरीतील ही घटना शिक्षणविचारावरील कठोर भाष्य आहे.

३

या भाष्याची कसोटी श्रीपूरसारख्या ठिकाणी घेता येते. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील हे गाव साखर कारखान्याभोवती वाढले. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना येथला. ज्या आगाशे यांच्या उद्योगातून हे गाव वाढले, त्यांचेच नाव पुण्यातील शारीरिक शिक्षण महाविद्यालयाला आहे, हा योगायोगही लक्षणीय आहे. श्रीपुराजवळ सह्याद्रीचा कडा नाही, घनदाट अरण्य नाही. अकलूजचा किल्ला आहे, पण तो नीरेकाठचा भुईकोट. प्रचलित व्याख्येप्रमाणे येथील मुलाला साहस करावयाचे तर बसने दूर जावे लागेल.

परंतु माडगूळकरांचा माणदेश या तालुक्याला लागूनच आहे. कालव्याचे पाणी जेथे संपते, तेथे तोच माळ सुरू होतो. महसुली भाषा त्याला 'पडीक' म्हणते. याच जिल्ह्यातील नान्नज येथे १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य घोषित झाले. म्हणजे 'पडीक' ठरलेली गवताळ भूमी हेच एका दुर्मीळ जीवसृष्टीचे घर होते. सोलापूरकर मारुती चितमपल्ली यांनी 'शब्दांचं धन'सारख्या लेखनात वनवासींची शब्दसंपदा टिपून ठेवली. त्या साऱ्या खटाटोपाचे मर्म हेच की ज्याला नाव नाही ते दिसत नाही. दांडेकरांच्या दुर्गलेखनात भूमी स्मरण आहे, चितमपल्लींच्या लेखनात ती भाषा आहे, माडगूळकरांच्या लेखनात ती उपजीविका आहे. साहसशिक्षणाने मात्र तिला केवळ अडथळा मानले.

श्रीपूरचा प्रश्न येथेच संपत नाही. गळिताचा हंगाम सुरू झाला की कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरतात. बांबूच्या तट्ट्या व पाचट यांच्या कोप्या उभ्या राहतात. त्यांतील मुले थंडीत उघड्यावर झोपतात, तीन दगडांच्या चुलीवर रांधतात, धाकट्या भावंडांना सांभाळतात. शिबिरात ज्या गोष्टी 'कौशल्य' म्हणून शिकविल्या जातात, त्या बहुतेक सर्व या मुलांना येतात. आणि त्यापायी त्यांची शाळा बुडते. तंबू आणि कोपी यांच्यात अंतर केवळ एकाच गोष्टीचे आहे : तंबूतील मूल परत जाऊ शकते. हान यांच्या विचारातील कष्टांचे मूल्य या परतीच्या तिकिटावर अवलंबून आहे, हे त्या विचाराच्या समर्थकांनी क्वचितच लक्षात घेतले आहे.

यावरून कष्टमय जीवनाचा गौरव करावा, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. 'बनगरवाडी'त तसा गौरव नाही. दुष्काळात उठणारी वाडी ही कोणाचीही पाठशाळा नव्हे. साहसशिबिरे निरर्थक आहेत, असेही नाही. भयाशी ओळख होणे, सोबत्यावर विसंबणे, स्वतःच्या पायांवर विश्वास बसणे हे लाभ खरे आहेत आणि ज्या मुलाला अंगणही नाही, त्याला ते मिळालेच पाहिजेत. आक्षेप आहे तो एकाच गोष्टीला : ज्ञान नेहमी शाळेकडून रानाकडे जाते, या समजुतीला.

ही समजूत सोडली तर कार्यक्रमाचे स्वरूपच पालटेल. श्रीपूरच्या शाळेची एक सहल मेंढवाड्यावर जाऊ शकेल आणि तेथे धनगर हाच शिक्षक असेल. माळावरील गवतांची व पक्ष्यांची नावे मुलांकडूनच वहीत उतरतील. कोपीतून आलेला मुलगा चूल पेटविण्याच्या तासाला वर्गाच्या पुढे उभा राहील, आणि उरलेल्या तासांना तो वर्गात असेल, याची जबाबदारी शाळा घेईल. यांतील शेवटची अट सर्वांत अवघड आहे, आणि तिच्यावाचून उरलेल्या गोष्टी केवळ सहलीच ठरतात. राजाराम मास्तराने वाडीकडून पुष्कळ घेतले; वाडी उठताना तिला थांबविणे मात्र त्याच्या हाती नव्हते. हजेरीपटातील नावे एकामागून एक गळत जाताना आजच्या शाळेच्या हाती काय आहे, हा प्रश्न त्या कादंबरीने मागे ठेवला आहे.