वेगाचा आकडा की वेगाची हमी?

व्यावसायिक कॅमेऱ्यात वापरायचे एसडी प्रकारचे मेमरी कार्ड टपाल तिकिटाएवढे असते. एवढ्याशा जागेवर पाच-सहा आकडे आणि चिन्हे छापलेली असतात. विज्ञानाच्या शिक्षकाने हा मजकूर एखाद्या पाठासारखा तपासून पाहावा. परिमाण, सरासरी, कमाल आणि किमान या ज्या गोष्टी आपण वर्गात शिकवतो, त्यांचाच येथे गोंधळ घातलेला दिसतो.

पहिली तक्रार परिमाणाची. १९९४ साली कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डे आली. पुढे त्यांचा वेग 'इतके पट' अशा रीतीने सांगण्याची प्रथा रुळली. कशाच्या पट? तर सीडी-रॉमच्या मूळ वेगाच्या, म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइटच्या. त्यामुळे '१०६६ पट' याचा अर्थ सेकंदाला सुमारे १६० मेगाबाइट एवढाच होतो. ज्या सीडीशी कॅमेऱ्याचा काही संबंध नाही, तिचे माप का वापरावे? हजाराच्या पुढचा आकडा डोळ्यांत भरतो, याखेरीज दुसरे कारण दिसत नाही. त्यात बिट आणि बाइट यांची भर पडते. चित्रफितीचा वेग कॅमेरे मेगाबिटमध्ये सांगतात, तर कार्डे मेगाबाइटमध्ये. ४०० मेगाबिट म्हणजे ५० मेगाबाइट. आठने भागायला विसरलेला ग्राहक नको तितके महागडे कार्ड घेऊन येतो.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. ठळक अक्षरांत छापलेला वेग बहुधा वाचनाचा असतो. कॅमेऱ्याला मात्र गरज लेखनाच्या वेगाची असते. हे दोन वेग सारखे का नसतात, ते फ्लॅश स्मृतीच्या रचनेतच आहे. ही स्मृती तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात विकसित केली. तिच्या प्रत्येक घरात इलेक्ट्रॉन कोंडून माहिती साठवली जाते. वाचताना घरात किती भार आहे एवढेच तपासायचे असते. लिहिताना मात्र इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने आत ढकलावे लागतात आणि दर वेळी ते पुरेसे झाले का, हे पडताळावे लागते. शिवाय जुन्या माहितीवर नवी माहिती थेट लिहिता येत नाही. आधी जागा पुसावी लागते, आणि पुसणे एकेका पानाचे न होता पानांच्या मोठ्या गठ्ठ्याचे होते. काही कार्डे सुरुवातीला प्रत्येक घरात एकच बिट लिहून वेग गाठतात. ही राखीव जागा भरली, किंवा कार्ड तापले, की वेग खाली येतो. छापलेला कमाल आकडा हा त्या पहिल्या काही क्षणांचा असू शकतो.

याचा परिणाम काय होतो, ते नळ आणि टाकीच्या जुन्या गणिताने पाहू. ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात प्रत्येक बिंदूला १४ बिट धरले, तर एक चित्र सुमारे ७९ मेगाबाइटचे होते. संक्षेपाने ते ४० वर आले असे मानू. सेकंदाला २० चित्रे घेतली, तर ८०० मेगाबाइट माहिती येते. कार्ड सातत्याने ४०० मेगाबाइट लिहीत असेल, तर उरलेले ४०० कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या स्मृतीत साठतात. ही टाकी २००० मेगाबाइटची असल्यास पाच सेकंदांत भरेल. त्यानंतर सेकंदाला २० ऐवजी १० चित्रेच मिळतील. २००९ साली बर्लिनमध्ये उसेन बोल्टने १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापले. अशी शर्यत आरंभापासून टिपणाऱ्याची टाकी निम्म्या वाटेवरच भरते, आणि निकालाच्या रेषेपाशी त्याला निम्मीच चित्रे मिळतात. तो क्षण पुन्हा येत नाही.

उत्पादकांची बाजूही ऐकली पाहिजे. कमाल वेगाचा आकडा खोटा नसतो. हजारो चित्रे संगणकावर उतरवताना वाचनाचा वेग उपयोगी पडतो. मात्र तेथेही एक मेख आहे. यूएचएस-१ या जोडणीची प्रमाणित मर्यादा सेकंदाला १०४ मेगाबाइट आहे. तरी त्या प्रकारच्या कार्डांवर १७० किंवा २०० असे आकडे दिसतात. ते गाठायचे तर उत्पादकाच्या खास पद्धतीला साथ देणारा वाचक लागतो. कॅमेऱ्यात घातलेले तेच कार्ड १०४ची मर्यादा ओलांडत नाही.

प्रामाणिक माप उपलब्धच नाही असेही नाही. एसडी कार्डांसाठी २०१६ साली चित्रफितीची वेगश्रेणी ठरली. 'व्ही ३०', 'व्ही ६०', 'व्ही ९०' या खुणा सलग लेखनाचा किमान वेग सांगतात, म्हणजे सेकंदाला ३०, ६० आणि ९० मेगाबाइट. सीएफएक्स्प्रेस कार्डांवरची 'व्हीपीजी ४००' ही खूणही अशीच ४०० मेगाबाइटची किमान हमी आहे. मात्र दर्शनी भागावर १७०० वा त्याहून मोठा आकडा ठळक आणि ४००ची खूण कोपऱ्यात, अशी मांडणी सर्रास आढळते. जे वचन आहे ते बारीक आणि जी शक्यता आहे ती ठळक, हा क्रमच उलटा आहे. किमान हमीने सगळे कळते असे नाही. कार्ड हमीपेक्षा बरेच जलद चालू शकते. म्हणून सलग लेखनाची सरासरीही छापली जावी, आणि ती किती मिनिटांच्या लेखनावरून काढली तेही सांगितले जावे.

शाळेत महागडी कार्डे नसली तरी हा धडा घेता येतो. साध्या कार्डावर एक मोठी फाइल उतरवावी, दर दहा सेकंदांनी किती मेगाबाइट लिहिले गेले ते नोंदवावे आणि आलेख काढावा. आलेखाचे शिखर, तळ आणि सरासरी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसेल. मग त्यांना विचारावे, यांतला कोणता आकडा वेष्टनावर छापणे योग्य? 'अमुक वेगापर्यंत' या शब्दांतल्या 'पर्यंत'कडे ज्याचे लक्ष जाईल, तो पुढे कोणतीही जाहिरात सावधपणे वाचेल.