सदतीस सेकंद आणि बाकीचा संघ

१९७२च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला मुरलीकांत पेटकर ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहले. विश्वविक्रम झाला आणि पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. जून २०२४मध्ये आलेला कबीर खानचा ‘चंदू चॅम्पियन’ या ३७ सेकंदांपर्यंत पोहोचायला जवळपास अडीच तास घेतो. वेळ घेण्याबद्दल तक्रार नाही. अडीच तासांत आपल्याला एक माणूस इतक्या जवळून दाखवला जातो की त्याच्या मागेपुढे कोण उभं होतं ते दिसेनासं होतं, ही माझी तक्रार आहे.

गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. सांगली जिल्ह्यातला पोरगा, कुस्ती, पळून जाणं, सैन्य, बॉक्सिंग. मग १९६५चं युद्ध आणि अंगात शिरलेल्या गोळ्या, त्यातली एक मणक्यापाशी अडकून राहिलेली. पायांतलं बळ गेल्यावर मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून सुरू झालेलं पोहणं, आणि तिथून थेट हायडेलबर्ग. गावानं ‘चंदू’ म्हणून, म्हणजे कशातच न मोजण्यासारखा म्हणून, हसण्यावारी नेलेला मुलगा चॅम्पियन होतो. कार्तिक आर्यननं मेहनत घेतली आहे हे दिसतं, आणि त्याच्या आजवरच्या कामांत हे बरंच वरचं आहे. विजय राजचा प्रशिक्षक टायगर अली तर एकेका नजरेत प्रसंग खाऊन टाकतो.

पण प्रसिद्धी आठवा. चित्रपट यायच्या आधी आपल्या फोनवर काय येत होतं? कार्तिकच्या शरीरातली चरबी ३९ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर कशी आली, ते. कमरेखालचं शरीर साथ देत नाही अशा खेळाडूवरचा चित्रपट विकायला कोरीव पोट पुढे केलं गेलं. हे फक्त पोस्टरपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. चित्रपटाची नजरही तीच आहे. बॉक्सिंगच्या रिंगणात कॅमेरा रमतो, धावण्यात रमतो. युद्धाचा आठ मिनिटांचा सलग शॉट घेतल्याचं चित्रपटकर्त्यांनी अभिमानानं सांगितलं होतं, आणि तो खरंच दमदार आहे. मात्र तलावापाशी आलो की घाई होते. पाण्यात पडणं, बुडणं, प्रशिक्षकाचं ओरडणं, संगीत चढणं, आणि पोहता आलं.

पाय न हलवता पोहणं म्हणजे नेमकं काय, हे मला बघायचं होतं. पाय खाली बसायला लागतात, शरीर पाण्यावर आडवं राहत नाही, कमरेखालचा सगळा भार दोन खांद्यांनी ओढत न्यायचा. श्वास घ्यायला मान वळवली की तोल जाणार, आणि तो पायांनी सावरता येत नाही. खांदे गेले तर व्हीलचेअर ढकलणंही बंद. हे सगळं आठवड्यामागून आठवडे करत राहायचं, म्हणजे तयारी. शिवाय सरळ हिशोब असा की शर्यत ३७ सेकंदांची होती. युद्धाला आठ मिनिटांचा सलग शॉट देणाऱ्या दिग्दर्शकानं अंतिम फेरीला ३७ सेकंदांचा एक शॉट द्यायला हवा होता. स्लो मोशन नको, प्रेक्षकांचे चेहरे नकोत. आपणही श्वास रोखून तेवढाच वेळ बसलो असतो.

याच कबीर खानला संघ कसा दाखवायचा ते उत्तम येतं, म्हणून हे जास्त खटकतं. त्याचा ‘८३’ (२०२१) पाहिलेला कोणीही सांगेल की त्यात कपिल देव एकटा जिंकत नाही. तिथे प्रत्येक खेळाडूला स्वतःचा चेहरा आहे, खोड आहे, भीती आहे. पंकज त्रिपाठीचा मॅनेजर मानसिंग तर माझ्या मते त्या चित्रपटाचा कणा आहे. तिकिटं, पास, अपमान, पैसे यांची काळजी वाहणारा माणूस. क्रिकेट संघ इंग्लंडला जातो तेव्हा सामानसुद्धा दिसतं. हायडेलबर्गलाही भारताचा संघच गेला होता. पण ‘चंदू चॅम्पियन’ संपल्यावर त्यातल्या दुसऱ्या एकाही खेळाडूचं नाव मला सांगता आलं नाही. अपंग खेळाडूंचा संघ पडद्यावर आला की त्यातून एक नायक वेगळा काढायचा आणि बाकीच्यांना गर्दी करायचं, ही सवय कुठून येते? क्रिकेटपटू मुळात खेळाडू मानला जातो, म्हणून त्याच्याबरोबर संघ येऊ शकतो. अपंग खेळाडू आधी ‘प्रेरणा’ असतो, आणि प्रेरणा एकवचनात बरी दिसते.

आणखी एक गोष्ट या एकवचनात हरवते, ती म्हणजे पैसा. चित्रपटात लहानगा मुरली खाशाबा जाधवांचं जंगी स्वागत पाहतो आणि तिथे त्याचं स्वप्न सुरू होतं. १९५२ची हेलसिंकी, कुस्तीतलं कांस्य. मिरवणूक दिसते. पण त्याच खाशाबांना हेलसिंकीला जाता यावं म्हणून लोकांनी वर्गणी काढली होती, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. पेटकरांच्या परदेश प्रवासामागे क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची मदत होती. १९६८च्या तेल अवीवच्या स्पर्धेतही पेटकर टेबल टेनिस खेळून आले होते, म्हणजे हायडेलबर्ग हा काही एका रात्रीतला चमत्कार नव्हता. पावतीपुस्तक, गहाणखत, विमानाचं तिकीट यांत भरपूर नाट्य आहे. हिंदी चित्रपटाला मात्र ते भिजलेल्या डोळ्यांपेक्षा कमी वाटतं.

आणि हा प्रश्न काही १९७२मध्ये राहिलेला नाही. आमच्या वर्ध्याहून रेल्वेनं तास-सव्वा तासावर नागपूर. तिथली अंध जलतरणपटू कांचनमाला पांडे २०१७च्या जुलैमध्ये बर्लिनच्या स्पर्धेला गेली, तेव्हा मंजूर झालेले पैसे तिच्यापर्यंत पोहोचले नव्हते आणि परक्या शहरात तिच्यावर लोकांकडे हात पसरायची वेळ आली, अशा बातम्या देशभर छापून आल्या. त्या स्पर्धेत तिनं रौप्य मिळवलं. त्याच डिसेंबरमध्ये मेक्सिको सिटीला जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत एस-११ गटात २०० मीटर मेडलीचं सुवर्णही तिनंच जिंकलं. यावर चित्रपट निघाला तर काय होईल, याचा अंदाज तुम्हीही बांधू शकता. बर्लिनमधला अपमान, मग मेक्सिकोतलं राष्ट्रगीत. मधलं काही नाही.

मधलं काय असतं ते बघा. एस-११ गटात सगळ्यांना काळे केलेले गॉगल घालावे लागतात, म्हणजे कोणाला थोडा उजेड दिसत असेल तर तोही बंद. भिंत कुठे आली हे कळणार कसं? त्यासाठी तलावाच्या टोकाला ‘टॅपर’ उभा असतो. त्याच्या हातात लांब काठी, काठीच्या टोकाला मऊ गोळा. जलतरणपटू भिंतीजवळ आला की त्याच्या डोक्यावर किंवा पाठीवर एक टकोरा. टकोरा लवकर पडला तर वळणं फसतं, उशिरा पडला तर डोकं भिंतीवर. मेडलीत चार प्रकारचे स्ट्रोक असतात. बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकदम पुढे येतात, बॅकस्ट्रोकमध्ये माणूस उलटा, डोकं पुढे करून भिंतीकडे येतो. म्हणजे टकोऱ्याची वेळ प्रत्येक टप्प्यात वेगळी. टॅपरला त्या पोहणाऱ्याचा वेग, दमल्यावर आखूड होणारा हात, सगळं अंगवळणी पडलेलं हवं. दोघांनी शेकडो वेळा एकत्र सराव केल्याशिवाय हे जमत नाही. निकालाच्या फलकावर नाव एकाचंच येतं. सॉफ्टवेअरच्या धंद्यात असल्यामुळे असेल, पण मला हा भाग सुवर्णपदकापेक्षा जास्त रोमांचक वाटतो. दोन माणसांमधला संदेश अर्धा सेकंद चुकला की सगळं कोसळतं. सिनेमाला याहून चांगलं दृश्य कोणी आयतं देईल का?

शिडीची खालची पायरी तर पडद्यावर कधी येतच नाही. जिल्ह्या-जिल्ह्यांत ३ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक अपंग दिनाच्या आसपास, विशेष शाळांच्या क्रीडा स्पर्धा होतात. समाजकल्याण विभागाचा फलक, ऊन, चुन्यानं आखलेले पट्टे, दृष्टिहीन मुलांना ‘इकडे इकडे’ असा आवाज देणाऱ्या शिक्षिका. राष्ट्रीय संघाची निवड इथून किती पायऱ्या वर आहे आणि मधल्या किती पायऱ्या तुटलेल्या आहेत, हे तिथे उभं राहिलं की कळतं. वरच्या पायरीचीही हमी नाही. २०१५ साली गाझियाबादला राष्ट्रीय पॅरा अॅथलेटिक्स स्पर्धेत खेळाडूंना अर्धवट बांधलेल्या इमारतीत, वापरता येईल असं शौचालयही नसताना राहावं लागलं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय समितीनं भारताच्या पॅरालिम्पिक समितीला निलंबित केलं.

आता आकडे. रिओ २०१६मध्ये भारताची पॅरालिम्पिक पदकं ४. टोकियोत १९. पॅरिस २०२४मध्ये २९, त्यात सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारीचं गोळाफेकीतलं रौप्य. आठ वर्षांत भारतीय अपंगांची जिद्द सातपट वाढली का? उघड आहे की नाही. प्रशिक्षक, पैसा, परदेशातल्या स्पर्धा, बरे कृत्रिम अवयव आणि खुर्च्या, वेळेवर होणारं वर्गीकरण, हे वाढलं. जिद्द १९७२मध्येही तेवढीच होती. ‘चंदू चॅम्पियन’ मात्र प्रत्येक अडचणीवर जिद्द हेच औषध लिहून देतो, आणि ते औषध फुकट असल्यामुळे कोणालाच खिशात हात घालावा लागत नाही.

चित्रपट या सगळ्याच्या सर्वांत जवळ येतो तो पोलीस ठाण्यात. म्हातारा मुरलीकांत तक्रार नोंदवायला आला आहे. आपल्याला अर्जुन पुरस्कार नाकारला म्हणून थेट राष्ट्रपतींविरुद्ध! समोर बसलेला इन्स्पेक्टर आहे श्रेयस तळपदे. हाच तळपदे २००५मध्ये नागेश कुकुनूरच्या ‘इक्बाल’मध्ये न बोलणारा, न ऐकणारा गोलंदाज होता आणि तिथे संघात जागा मिळवायला धडपडत होता. एकोणीस वर्षांनी तो टेबलाच्या पलीकडे बसून दुसऱ्याची कैफियत ऐकतो आहे. हे मुद्दाम केलं असेल तर कबीर खानला सलाम. या प्रसंगांत अर्ज आहे, शिक्का आहे, ‘उद्या या’ आहे. म्हातारा दया मागत नाही, नोंद मागतो. पण चित्रपट इथेही दम धरत नाही. ठाण्यातल्या लोकांचे डोळे पाणावतात, २०१८चा पद्मश्री येतो आणि फाइल बंद होते. प्रत्यक्षातली फाइल तेव्हा बंद झालेली नव्हती. पेटकरांना अर्जुन पुरस्कार, तोही जीवनगौरव म्हणून, मिळाला जानेवारी २०२५मध्ये. चित्रपट येऊन गेल्यावर सात महिन्यांनी आणि हायडेलबर्गनंतर बावन्न वर्षांनी.

चित्रपट प्राइम व्हिडिओवर आहे. पाहणार असाल तर ठाण्यातले प्रसंग आणि रुग्णालयाचा भाग पुढे ढकलू नका. रुग्णालयात राजपाल यादवचा टोपाझ आहे, आणि आपण अपंग झालो आहोत हे कळलेला माणूस तिथे काही मिनिटं नुसता पडून असतो, कोणाची प्रेरणा न होता. मग हवं तर यूट्यूबवर एस-११ची कुठलीही अंतिम फेरी लावा आणि पोहणाऱ्याकडे न बघता काठी धरलेल्या माणसाकडे बघा.