सायकलीवर कोणी चिडले नव्हते?

'द सोशल डिलेमा' हा माहितीपट सप्टेंबर २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला. त्याला काही वर्षे होऊन गेली, तरी शिक्षकांची शिबिरे, पालकसभा, महाविद्यालयांतील चर्चामंडळे अशा ठिकाणी तो अजून आवर्जून दाखवला जातो. आम्ही तो दोनदा पाहिला. एकदा घरी आणि एकदा शिक्षकांच्या एका शिबिरात. दुसऱ्या खेपेस दिवे लागल्यावर एक बाई म्हणाल्या, "आता हे शास्त्रज्ञांनीच सिद्ध केलंय. मुलांना सांगायला आपल्याला सोपं झालं." सभागृहातल्या बऱ्याच माना डोलल्या. नेमके काय सिद्ध केले आणि कोणी, हे मात्र कोणी विचारले नाही. आम्हीही तेव्हा गप्प बसलो, म्हणून हा लेख.

चित्रपटाची जमेची बाजू आधी सांगायला हवी, कारण ती मोठी आहे. दिग्दर्शक जेफ ऑर्लोव्स्की यांनी बाहेरच्या टीकाकारांपेक्षा आतल्या माणसांना बोलते केले आहे. गूगलमध्ये काम केलेले ट्रिस्टन हॅरिस, फेसबुकच्या 'लाइक' बटणाच्या जनकांपैकी एक जस्टिन रोझेनस्टाइन, आणि खाली सरकवत राहिले तरी न संपणारे पान ज्यांनी रचले ते अ‍ॅझा रास्किन. या मंडळींनी धंद्याचे गणित स्वच्छ मांडले आहे. पैसा जाहिरातींतून येतो. माणूस जितका वेळ पडद्यापुढे थांबेल तितक्या जाहिराती दिसतात. म्हणून तो थांबावा अशी पडद्याची मांडणी करायची. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते आणि ते वाचून झाले की आपण घडी घालून उठतो. ही घडी घालण्याची जागाच काढून टाकली गेली, हे रास्किन यांच्यासारख्या माणसाच्या तोंडून ऐकण्याला मोल आहे.

पण साक्षीदार कशाचा साक्षीदार आहे, हे पाहायला नको का? खत कारखान्यातला अभियंता पोत्यात काय भरले ते अधिकाराने सांगेल. पिकाचे काय झाले ते शेतात जाऊन मोजावे लागते. या चित्रपटात पोत्याबद्दलची साक्ष भरपूर आहे आणि शेतातले मोजमाप फारच थोडे. याच दिग्दर्शकाच्या २०१२ सालच्या 'चेसिंग आइस'मध्ये हिमनद्यांसमोर वर्षानुवर्षे कॅमेरे रोवून ठेवले होते आणि बर्फ मागे हटताना प्रेक्षकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होता. तो चित्रपट आठवला की या चित्रपटातली उणीव अधिकच जाणवते.

हॅरिस यांचे एक विधान तर सरळ चुकीचे आहे. ते म्हणतात की सायकल आली तेव्हा कोणी चिडले नाही, समाज बुडाला अशी ओरड कोणी केली नाही. प्रत्यक्षात १८९०च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत सायकलीवरून चांगलीच ओरड झाली होती. सायकल चालवून चेहरा कायमचा ताणला जातो, डोळे वटारल्यासारखे होतात, आणि बायकांना तर याचा विशेष धोका, असे डॉक्टर मंडळी लिहीत होती. ए. शॅडवेल या ब्रिटिश डॉक्टरांचा सायकलीच्या छुप्या धोक्यांविषयीचा लेख १८९७ सालचा आहे. या विकाराला 'सायकल-चेहरा' असे नावही मिळाले होते. आपल्याकडेही अशी उदाहरणे आहेत. १९५२ साली बाळकृष्ण केसकर केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि लोकांची अभिरुची बिघडते म्हणून आकाशवाणीवरची चित्रपटगीते जवळजवळ बंद पडली. श्रोत्यांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावले. पुढे १९५७ साली विविध भारती सुरू करावीच लागली.

जुनी भीती खोटी ठरली म्हणून आजचीही खोटी, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. सायकल भिंतीला टेकून मुकाट उभी राहते आणि फोन आपल्याला हाका मारतो, हा हॅरिस यांचा भेद विचार करण्याजोगा आहे. पण तो ठसवण्यासाठी त्यांनी इतिहास वाकवला. 'पूर्वी कोणी घाबरले नव्हते, आज आम्ही घाबरलो आहोत, यावरूनच धोका ओळखा' हा युक्तिवाद पहिल्या पायरीवरच कोसळतो. दहावीतला एखादा चुणचुणीत मुलगा तो सहज पाडेल, आणि त्याबरोबर गुरुजींची बाकीची योग्य शिकवणही निकालात काढील.

आता चित्रपटातल्या आलेखाकडे वळू. समाजमानसशास्त्रज्ञ जॉनथन हाइट अमेरिकेतील किशोरवयीन मुलींविषयी बोलतात. स्वतःला इजा करून घेतल्यामुळे रुग्णालयात दाखल कराव्या लागलेल्या मुलींचे प्रमाण मोठ्या वयोगटात ६२ टक्क्यांनी आणि लहान वयोगटात १८९ टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ तिपटीवर गेले. रेषा वर चढते, आणि हीच फोनवर समाजमाध्यमे आल्याची वर्षे असे सांगितले जाते. आकडे गंभीर आहेत आणि त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. पण दोन रेषा बरोबरीने चढल्या म्हणून एकीने दुसरीला चढवले असे होत नाही, हे आपणच वर्गात शिकवतो. शिवाय टक्केवारी कशाची? मूळ आकडा लहान असेल तर तिप्पटही लहानच राहते. चित्रपट तो मूळ आकडा समजावण्यासाठी थांबत नाही. हाइट यांनी २०२४ साली या विषयावर पुस्तकच लिहिले आणि त्यावर मानसशास्त्रज्ञांमध्ये खडाजंगी झाली. वाद मिटलेला नाही. चित्रपट पाहणाऱ्याला मात्र असा काही वाद आहे याचा सुगावाही लागत नाही.

या वादाची दुसरी बाजू अशी. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू श्बिल्स्की यांनी २०१९ साली अमेरिका व ब्रिटनमधील ३,५५,३५८ किशोरवयीनांच्या पाहण्या तपासल्या. मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो त्यातला फार तर ०.४ टक्के भाग तंत्रज्ञानाच्या वापराशी जोडता येतो, असे त्यांना आढळले. त्याच पाहण्यांत बटाटे खाण्याचा संबंधही जवळपास एवढाच निघाला आणि चष्मा लावण्याचा तर याहून वाईट! संख्याशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी ०.००४ चे वर्गमूळ काढावे. सहसंबंध गुणांक ०.०६ च्या आसपास येईल.

मग फोन निर्दोष सुटला? नाही, आणि इथेच थोडे थांबण्यासारखे आहे.

चित्रपटात शोशाना झुबॉफ फेसबुकने निवडणुकीत केलेल्या प्रयोगाचा उल्लेख करतात. लोकांच्या नकळत, सुप्त खुणा वापरून त्यांना मतदानाला नेले, असा त्यांचा सूर आहे. आकडा मात्र त्या देत नाहीत. तो प्रयोग २०१० च्या अमेरिकी काँग्रेस निवडणुकीच्या दिवशी झाला आणि २०१२ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे सहा कोटी लोकांना पानाच्या माथ्यावर मतदानाची आठवण करून देणारी पट्टी दिसली आणि तिच्यात मतदान केल्याचे सांगणाऱ्या मित्रांचे चेहरे होते. सुमारे सहा लाखांना चेहऱ्यांविना नुसती आठवण दिसली आणि तितक्यांनाच काहीही दिसले नाही. कोण कोणत्या गटात जाणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. नुसती आठवण दिसलेले आणि काहीच न दिसलेले, दोघांचे मतदान सारखेच निघाले. मित्रांचे चेहरे पाहिलेल्यांचे मात्र ०.३९ टक्क्याने जास्त. मित्रांच्या मित्रांपर्यंत पोचलेला परिणाम धरून संशोधकांनी सुमारे ३ लाख ४० हजार जादा मतांचा अंदाज केला.

पट्टी पानाच्या माथ्यावर सर्वांना दिसत होती, तेव्हा 'सुप्त खुणा' हा शब्द इथे बसत नाही. लपवले होते ते एवढेच की आपल्यावर प्रयोग चालू आहे. ही गोष्टही आक्षेपार्ह आहे, पण ती वेगळी.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. एकीकडे ०.४ आणि दुसरीकडे ०.३९. पहिला दाखवून कोणी म्हणतो, 'पाहा, काहीच परिणाम नाही, बटाट्याएवढा!' दुसरा दाखवून कोणी म्हणतो, 'पाहा, लाखो मते फिरवली!' आकडे दिसायला सारखे, पण ते एकाच गोष्टीचे नाहीत. पहिला आहे पाहणीतून निघालेल्या फरकाचा हिस्सा. त्यात कार्य कोणते आणि कारण कोणते हे कळत नाही, आणि सरासरीत एखादी खरोखर होरपळलेली मुलगी हरवून जाते. दुसरा आहे चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगातला सरळ फरक. तिथे कारण पक्के आहे, पण माणशी परिणाम अगदी बारीक. तो मोठा होतो कारण माणसे कोट्यवधी आहेत. विज्ञानाच्या शिक्षकाला यापेक्षा चांगला तास मिळणे कठीण. चित्रपटाच्या हाती हे साहित्य होते आणि त्याने ते भीतीपायी वाया घालवले.

मधूनमधून एका कुटुंबाची कल्पित गोष्ट आहे. त्यातला बेन नावाचा मुलगा फोनमध्ये गुंततो आणि त्याच्या फोनमागे एका नियंत्रणकक्षात तीन माणसे बसून त्याला कसे खिळवावे याचे बेत आखतात. तिन्ही भूमिका एकाच नटाने केल्या आहेत. नाटक म्हणून ठीक, पण विज्ञान म्हणून हे नुकसानकारक आहे. प्रत्यक्षात तिथे कोणी बेत आखत नाही. खानावळवाला कोणती भाजी लवकर संपते ते पाहून उद्याची भाजी ठरवतो, तसलाच हा हिशेब. फक्त तो प्रत्येक ताटासाठी वेगळा आणि दिवसातून शेकडो वेळा होतो. या मजकुरावर हा माणूस थांबण्याची शक्यता किती, अशी बेरीज करून क्रम लावला जातो. भाजीत तिखट जास्त पडले ते कोणाच्या कपटाने नव्हे, तर तिखट संपते म्हणून. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने प्रतिक्रिया आणि चर्चा यांना अधिक वजन देण्याचा नियम आणला. त्यामुळे भांडणांना ऊत येतो अशी धोक्याची सूचना कंपनीतल्याच संशोधकांनी दिली होती, हे २०२१ साली बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांवरून कळले. तिघा खलपुरुषांवर आपण फक्त चिडू शकतो. काय मोजावे याचा नियम मात्र बदलून मागता येतो.

एकच कारण धरून बसल्याने काय सुटते, ते आपल्या महाराष्ट्रातल्या एका घटनेवरून दिसेल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी फिरणारे लोक होते. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होत्या. चित्रपटही भारतातल्या अशा हत्यांना ओझरता स्पर्श करतो आणि त्याच कारखान्याच्या खाती मांडून पुढे जातो. पण व्हॉट्सअ‍ॅपच्या संभाषणात तेव्हा जाहिरात नव्हती आणि मजकुराचा क्रम लावणारा हिशेबही नव्हता. निरोप पुढे ढकलत होती ती माणसेच, काळजीपोटी, ओळखीच्यांना. न संपणारे पान काढले असते तरी ते पाच जण वाचले नसते. तिथे लागू पडला असता तो वेगळाच उपाय. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. तीही उशिराच.

चित्रपटातल्या कुटुंबात आई जेवणाच्या वेळी सगळ्यांचे फोन वेळेचे कुलूप असलेल्या बरणीत ठेवते आणि धाकटी मुलगी ती बरणी फोडते. प्रसंग चांगला वठला आहे. शेवटी नामावली सरकत असताना वक्ते सल्ले देतात की सूचना बंद करा, फोन झोपण्याच्या खोलीत नेऊ नका, खातेच काढून टाका. सगळे सल्ले एकेकट्या माणसाला दिलेले. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली वेगळे केले. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले दूरदर्शन संच व मोबाइल बंद, असे गावाने मिळून ठरवले. एकट्या मुलीने फोन ठेवला तर मैत्रिणींच्या गप्पांतून ती बाहेर पडते, पण सगळ्यांनीच ठेवला तर तिचे काही बुडत नाही. बरणीच्या प्रसंगात हा विचार सुचायला हवा होता, पण चित्रपट तिथून दंगलीच्या दृश्याकडे धावतो.

शिबिरात हा चित्रपट पुन्हा लावायचा झाला तर आम्ही जरूर लावू, फक्त आलेखापाशी थांबवू. त्या बाईंना आणि स्वतःलाही विचारू, की ही टक्केवारी कितीमधून कितीवर गेल्याची आहे, रेषा कोणत्या वर्षी वळते, आणि आणखी काय काय त्याच वर्षांत वळले होते. एवढ्यावर चर्चेचा सगळा तास जाईल आणि उरलेला चित्रपट बहुधा दुसऱ्या दिवशी पाहावा लागेल.