आमचा तसबिरीचा घोटाळा

नाटकवेड्या गावात जन्मलेल्या माणसाला तीनच वाटा मोकळ्या असतात. एक तर नट व्हायचं, नाही तर नटांना नावं ठेवायची, नाही तर सतरंज्या उचलायच्या. आमच्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हापासून पहिल्या दोन वाटांवर एवढी वर्दळ आहे की नवख्याला पाय ठेवायला जागा मिळत नाही. सतरंज्या उचलायला माझी पाठ तयार नाही. म्हणून मी चौथी वाट काढली. मी नाटकांचे फोटो काढतो.

खरं म्हणजे मला नटच व्हायचं होतं. आमच्या भागातल्या हौशी नाटक मंडळीनं एकदा मला हवालदाराचं काम दिलंही होतं. एकच वाक्य होतं. ते मी अगदी बरोबर म्हटलं, फक्त दुसऱ्याच प्रवेशात म्हटलं. प्रयोगानंतर दिग्दर्शकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "तुम्ही फोटो का काढत नाही हो?" मला रंगमंचाच्या खाली ठेवण्याचा तो सभ्य मार्ग होता, हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं आणि एक सेकंडहँड कॅमेरा लागला.

गेल्या वर्षी मंडळीनं 'संशयकल्लोळ' बसवलं. या नाटकावर आमचा हक्क जरा जास्तच आहे. देवल म्हणजे शेजारच्या हरिपूरचे. संध्याकाळी चालत जाऊन भेळ खाऊन परत यावं इतक्या अंतरावरचे. त्यांनी हे नाटक १८९३ साली आधी गद्यात रंगभूमीवर आणलं, तेव्हा त्याचं नाव होतं 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. पुढं १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीनं ते गाण्यांसकट केलं. त्याच वर्षी देवल गेले. मूळ धागा मोलिएरच्या १६६० सालच्या फ्रेंच प्रहसनातला. तो आर्थर मर्फीच्या १७६१ सालच्या इंग्रजी नाटकातून देवलांच्या हाती आला. पण हरिपूरच्या संगमावर एकदा बुडी मारल्यावर तो फ्रेंच संशय असा काही सोवळ्यात आला की त्याला परका म्हणायची कुणाची छाती होऊ नये. देवलांनी पात्रांना नावं दिली ती महिन्यांची आणि नक्षत्रांची : फाल्गुनराव, अश्विनशेट, भादव्या, कृत्तिका, रेवती, रोहिणी. जाहिरात वाचता वाचता चतुर्थी कधी आहे ते बघावंसं वाटतं.

कथा ठाऊक नसेल असा मराठी माणूस विरळा, तरी थोडक्यात सांगतो. रस्त्यात रेवतीला घेरी येते आणि फाल्गुनराव तिला सावरतात. ते त्यांच्या बायकोला, कृत्तिकेला दिसतं. रेवतीजवळची अश्विनशेटची तसबीर पडते आणि नेमकी कृत्तिकेच्या हाती लागते. ती तसबीर न्याहाळताना फाल्गुनरावांना दिसते. झालं! नवऱ्याला बायकोचा संशय, बायकोला नवऱ्याचा, प्रियकराला प्रेयसीचा. एका तसबिरीनं एवढा घोटाळा केला. आणि मी एका प्रयोगाच्या चारशे तसबिरी काढणार होतो. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

दिग्दर्शकांची मागणी साधी होती. "पुढच्या प्रयोगाच्या जाहिरातीसाठी एक फोटो हवा. बघताक्षणी माणसाला हसू फुटलं पाहिजे."

विनोदी नाटकाचे फोटो कुणी काढले असतील तर त्याला माझं दुःख कळेल. नाट्यगृहात फ्लॅश मारायला बंदी. उजेड असतो तो नटाच्या नाकावर. मागचा दिवाणखाना अंधारात. कॅमेऱ्याची संवेदना वाढवावी तर फोटोवर रवा सांडल्यासारखा दिसतो. वाढवू नये तर झडप सेकंदाचा साठावा भाग उघडी ठेवावी लागते, आणि तेवढ्या वेळात नट हलतो. या अडचणी तांत्रिक आहेत, त्यांच्यावर पैसे खर्चून उपाय निघतो. पहिल्या प्रयोगाचे फोटो घरी संगणकावर लावले तेव्हा मला जी अडचण दिसली तिच्यावर बाजारात भिंग मिळत नाही.

ज्या प्रवेशाला प्रेक्षक खुर्च्यांतून घसरत होते, त्या प्रवेशाचा फोटो बघून कुणीही विचारलं असतं, "कोण गेलं?" तसबीर हातात घेतलेले आमचे फाल्गुनराव कर्ज नामंजूर झालेल्या माणसासारखे दिसत होते. खांदे पडलेले, ओठ घट्ट, डोळ्यांत उभ्या संसाराची राखरांगोळी. कृत्तिकेचा चेहरा असा, की पाहणाऱ्यानं तिला पाणी द्यावं.

याउलट भादव्या! भादव्याचा एकेक फोटो म्हणजे जत्रा होती. जीभ बाहेर, डोळे कपाळात, एक पाय खुर्चीवर, धोतराचा सोगा तोंडात. जाहिरातीला याच्याइतका उत्तम माल दुसरा नव्हता. फक्त एक गोष्ट मला आठवत होती. पहिल्या दहा मिनिटांनंतर भादव्याला प्रेक्षागृहात कुणी हसलंच नव्हतं. एक लहान मूल हसलं होतं, पण ते उंदीर बघून.

विनोदाचं गणित इथंच आहे, आणि ते मला कुठल्या पुस्तकापेक्षा या फोटोंनी जास्त नीट सांगितलं. फाल्गुनरावाला आपण विनोदी नाटकात आहोत याचा पत्ता नसतो. आपण शोकांतिकेत आहोत अशी त्याची पक्की समजूत असते, म्हणून आपण हसतो. भादव्याला मात्र पत्ता असतो. नुसता नसतो, तो आपल्यालाही सारखा कोपर मारून सांगत असतो. हसायचं काम नटानंच उरकून टाकलं की प्रेक्षकाला दुसरं काही शिल्लक राहत नाही. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव आजही जुन्या घरांत आदरानं आठवला जातो, तो त्यांनी वेडीवाकडी तोंडं केली म्हणून असेल असं मला वाटत नाही.

मग चांगला प्रवेश कुठला हे फोटोवरून ओळखायचं कसं? दिवसअखेर ताळा जमल्याशिवाय घरी जायचं नाही ही बँकेतली सवय. मी फोटोंची खतावणी मांडली. नीट आलेले एका बाजूला, हललेले दुसऱ्या बाजूला. आणि एकदम प्रकाश पडला. मध्यंतरापर्यंत तब्बल अडतीस फोटो हलले होते. ते नट हलल्यामुळं नव्हे, मी हलल्यामुळं. मी हसत होतो! माझं पोट हललं की कोपर हलतं, कोपर हललं की कॅमेरा हलतो. हललेला फोटो म्हणजे माझा प्रामाणिक अभिप्राय होता आणि त्यात भिडेला जागा नव्हती. भादव्याचे सगळे फोटो काचेसारखे स्वच्छ होते.

मध्यंतरानंतर हललेले फोटो फक्त चार. त्यातला एक डासामुळं.

आता प्रश्न आला तो हे दिग्दर्शकांना सांगण्याचा. मोठ्या शहरात समीक्षक रात्री नाटक बघतो, सकाळी छापून टाकतो आणि नटाच्या वाटेला पुन्हा जात नाही. आमच्याकडं ज्याला रात्री पाडायचं तो सकाळी आपल्याच काउंटरवर पासबुक भरून घ्यायला उभा असतो. त्यामुळं गावात नाटकाचं परीक्षण तीनच शब्दांत होतं : "छान झालं हो." नाटक पडलं असेल तर चौथा शब्द लागतो : "नेपथ्य छान झालं हो." ही मंडळी वीस वर्षं पदरचे पैसे घालून नाटकं करतात आणि वीस वर्षं त्यांना कुणी खरं सांगितलेलं नाही. याला आपण प्रेम म्हणतो. मला ते हल्ली थोडं आळशीपणाचं वाटायला लागलं आहे.

दिग्दर्शक रविवारी सकाळी फोटो बघायला आले. बरोबर फाल्गुनराव. ते दिवसा हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितात. पोह्यांच्या बशा समोर असताना मी धीर करून माझा ताळेबंद मांडला. मध्यंतरापूर्वी अडतीस, नंतर चार, वजा डास एक.

"म्हणजे दुसरा भाग पडला म्हणता?" दिग्दर्शकांनी पोहे खाली ठेवले.

"मी काही म्हणत नाही. कॅमेरा म्हणतो."

"तुम्ही दमला असाल. किंवा स्टँड लावला असेल."

"स्टँड नाही माझ्याकडं."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग फाल्गुनरावच म्हणाले, "मध्यंतरानंतरचे माझे फोटो लावा बघू." मी लावले. सगळे नीट आलेले. नुसते नीट नव्हे, देखणे. चेहरा अचूक उजेडात, हनुवटी वर, हातातली तसबीर बरोबर छातीच्या उंचीवर. ओठांच्या कोपऱ्यात बारीकसं हसू. पहिल्या भागातल्या त्या दिवाळखोर माणसाचा मागमूस नव्हता. हा आपण काय गंमत करतो आहोत हे ठाऊक असलेला, स्वतःवर खूश असलेला गृहस्थ होता. फाल्गुनरावाचा भादव्या झाला होता, फक्त सभ्य भादव्या.

"माझं काय चुकलं ते मला तेव्हाच कळत होतं," ते हळूच म्हणाले. "पहिल्या भागात एकदा मोठा हशा आला आणि त्याच्या पाठोपाठ तुमच्या कॅमेऱ्याचा खटका ऐकू आला. मग पुन्हा तसंच झालं. मला वाटलं, खटका वाजला म्हणजे जमलं. मध्यंतरानंतर मी हशाची नाही, खटक्याची वाट बघायला लागलो. तुमचा फोटो हलू नये म्हणून मी थांबत होतो हो!"

वाचकहो, कपाळावर हात मारायचीही मला सोय राहिली नाही, कारण हातात चहाचा कप होता. ज्या दुसऱ्या भागावर मी एवढ्या तटस्थपणानं खतावणी लिहिली, तो मीच पाडला होता. विनोदात वाक्य आणि हशा यांच्यामध्ये एक क्षण असतो. त्या क्षणात नटानं काही करायचं नसतं, फक्त खरं वाटून घ्यायचं असतं. पहिल्या रांगेत बसून नेमक्या त्या क्षणात मी खटका वाजवत होतो. अभिप्राय द्यायला निघालेला माणूस स्वतःच नाटकात शिरला होता. हवालदाराच्या वेळी एक वाक्य चुकीच्या प्रवेशात म्हटलं होतं. या वेळी चारशे वेळा म्हटलं.

दिग्दर्शकांनी पोहे संपवले आणि निर्णय सांगितला. भादव्याची जीभ आत. दुसऱ्या भागात घातलेले मोबाइल फोनवरचे पदरचे तीन विनोद बाद, देवलांना मदतीची गरज नाही. कापलेली दोन पदं परत, कारण संशयालाही दम खायला वेळ लागतो. आणि कॅमेरा घरी.

पुढच्या प्रयोगाला मी हिच्याबरोबर बाराव्या रांगेत बसलो. हातांचं काय करायचं ते पहिली पंधरा मिनिटं मला कळत नव्हतं. मग तसबीर कृत्तिकेच्या हातून फाल्गुनरावांच्या हाती आली. रागानं त्यांचा हात थरथरत होता. बायकोच्या तथाकथित यारावर पहिली जळजळीत नजर टाकण्यापूर्वी त्यांनी उपरण्याच्या टोकानं तसबिरीवरची रस्त्यातली धूळ नीट पुसली. कारण माणूस कितीही उद्ध्वस्त झाला तरी गृहस्थी आहे, वस्तू मळकी ठेवायची नाही! प्रेक्षागृह कोसळलं. हे पुसणं पहिल्या प्रयोगातही होतं म्हणे. मी तेव्हा भिंगातून फक्त चेहरा बघत होतो. हात माझ्या चौकटीच्या बाहेर राहिले होते.

मध्यंतरानंतरही ते शेवटपर्यंत हसले नाहीत. शेवटी सगळे गैरसमज फिटले आणि ते ओशाळून उभे राहिले, तेव्हा मला हसता हसता घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. एवढा जळणारा माणूस बायकोवर किती जीव टाकत असेल, हे फोटोंच्या चाळणीत माझ्या हातून गळूनच गेलं होतं. त्या प्रयोगाचा एकही फोटो नाही. 'सीतास्वयंवरा'चाही कुणी काढला नव्हता, त्यावाचून काही अडलं नाही.

बाहेर पडताना ही म्हणाली, "आज पहिल्यांदा तुम्ही नाटकाला आलात."

राहता राहिला जाहिरातीचा फोटो. दिग्दर्शकांनी माझ्या अडतिसांतला एक निवडला. त्यात पगडीसारखं काहीतरी आहे, एक हात आहे की दोन ते सांगता येत नाही, आणि मधे एक पांढरा फराटा आहे, ते उपरणं असावं. छापखान्यातून फोन आला, "फोटो हललाय, दुसरा पाठवा." दिग्दर्शक म्हणाले, "हललाय म्हणूनच दिलाय. छापा."

तो तसाच छापला. तिकिटं बऱ्यापैकी गेली. त्याखेरीज गावातल्या दोघांनी ती जाहिरात बघून चष्म्याचा नंबर तपासून घेतल्याचं कानावर आहे.