जेन ऑस्टेनच्या कादंबऱ्यांचा नकाशा

आवडत्या लेखकाच्या जीवनांतील आणि कादंबऱ्यांतील स्थळें नकाशावर मांडण्याची हौस इंग्रजी रसिकांत जुनी आहे. जेन ऑस्टेनच्या वांट्यास ती विशेष आली. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधील डार्सीचा पेंबर्ली वाडा म्हणजे डर्बीशायरमधील चॅट्सवर्थच, असें अनेकांनीं ठरवून टाकलें आहे. वस्तुतः त्याच कादंबरींत चॅट्सवर्थचा प्रेक्षणीय स्थळ म्हणून निराळा उल्लेख आहे! असा शोध आम्ही अगदींच व्यर्थ मानीत नाहीं. परंतु पेंबर्ली कोठें आहे यापेक्षां तेथवर कोणाला किती सहज जातां येतें, हा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

प्रथम लेखिकेचें आयुष्य पाहूं. १७७५ सालीं हॅम्पशायरमधील स्टीव्हन्टन या खेड्यांत, एका धर्मोपदेशकाच्या घरीं तिचा जन्म झाला. १८०१ सालीं वडिलांनीं निवृत्त होऊन बाथ शहरीं बिऱ्हाड केलें. १८०५ सालीं ते वारले आणि आई व दोघी अविवाहित मुली भावांच्या आधारावर आल्या. पुढें साउदॅम्प्टनला कांहीं काळ काढल्यावर, १८०९ सालीं एडवर्ड या श्रीमंत भावानें चॉटन येथें घर दिलें, तेव्हां कोठें पाय स्थिरावले. बाथला जाणें वडिलांच्या निर्णयानें, चॉटनला येणें भावाच्या औदार्यानें. अशा स्त्रीला मैलाची किंमत नेमकी ठाऊक असावी, यांत नवल नाहीं.

ती किंमत तिच्या कादंबऱ्यांत पदोपदीं दिसते. एलिझाबेथची मैत्रीण शार्लट लग्नानंतर माहेरापासून सुमारें ५० मैलांवर जाते. डार्सीला तें अंतर जवळचें वाटतें. रस्ता चांगला, अर्ध्या दिवसाहून थोडा अधिक प्रवास. एलिझाबेथ त्याला सुचविते कीं, जवळ आणि लांब हीं गांठच्या पैशावर ठरतात. ‘नॉर्थँगर ॲबी’मध्यें कॅथरिन श्रीमंत नाहीं असें कळतांच जनरल टिल्नी तिला घराबाहेर काढतो. एकट्या मुलीला ७० मैल जावयाचें, आणि भाड्याचे पैसेहि मैत्रिणीनें द्यावयाचे! उलट ‘एमा’मध्यें फ्रँक चर्चिल केवळ केस कापण्याच्या मिषानें १६ मैलांवरील लंडनला जाऊन येतो. गांवांतील सर्वांत संपन्न कन्या एमा, तिनें मात्र ७ मैलांवरील बॉक्स हिलहि तोंवर पाहिलेली नसते.

‘पर्स्वेजन’मध्यें तर अंतरच कथेला वळण देतें. लाइम १७ मैल दूर. नोव्हेंबरचा दिवस लहान. एका दिवसांत जाऊन येणें घोड्यांना झेपणारें नाहीं. म्हणून मुक्काम पडतो. दुसऱ्या दिवशीं निघण्यापूर्वीं सारे पुन्हां धक्क्यावर फिरावयास जातात, लुइझा पडते, आणि त्या गडबडींत अ‍ॅनचें धैर्य वेंटवर्थच्या नजरेस येतें. लाइम हें खरें गांव आहे. पण त्याच्या खरेपणाहून ते १७ मैल अधिक कामास आले आहेत.

ऑस्टेनचें जग लहान, हा आक्षेप जुनाच आहे. जग लहान खरें; पण तिच्या नायिकांना तेवढेंच मोकळें होतें, आणि तिनें तें मोजून दाखविलें. मात्र एक उणीव मान्य केली पाहिजे. ज्या गाडीवानांनीं हे मैल तोडले, त्यांच्या पायांचें वा पोटाचें माप या नकाशांत जवळजवळ नाहीं.

तेव्हां पुढें कोणी हा नकाशा काढील, तर त्यानें गांवाच्या नांवाशेजारीं मैल, लागणारे तास आणि गाडी कोणाची, हेंहि लिहावें. पेंबर्लीची जागा रिकामी राहिली तरी चालेल.