पढवलेलं बोलणं आणि आपला डेटा

मी परभणी जिल्ह्यातल्या राणीसावरगावची. रेणुकादेवीचं गाव, चहूकडे कापूस, सोयाबीन आणि तूर. समुद्र मी पहिल्यांदा एमएस्सीच्या सहलीत पाहिला आणि आता पीएचडी करतेय ती कांदळवनांच्या पुनर्स्थापनेवर. आईला अजून हे नीट पटलेलं नाही. असो.

फील्डवर्कच्या पहिल्या वर्षी सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या गावात मी एका प्रशिक्षणाला बसले होते. विषय होता, गावकऱ्यांनी लोकांसमोर कांदळवनाबद्दल कसं बोलायचं. माईक कसा धरायचा, समोर बघून कसं बोलायचं, तीन मिनिटांत कसं आवरायचं. इथवर माझी काहीच तक्रार नाही. भर सभेत उभं राहून बोलणं म्हणजे काय, हे ज्या बाईने कधी केलेलं नसतं तिलाच माहीत. अडचण पुढे होती. फळ्यावर चार मुद्दे लिहिले गेले: वादळापासून संरक्षण, माशांची पैदास, कार्बन, पर्यटन. मग प्रत्येकीने तेच चार मुद्दे आपापल्या शब्दांत म्हटले. टाळ्या पडल्या. मी सगळं रेकॉर्ड केलं आणि खुश झाले, कारण डेटा फार छान आला होता!

चहाच्या वेळी त्यातलीच एक काकी माझ्याशी बोलत होती. तिने सांगितलं की बांधाच्या आतल्या बाजूला लावलेली रोपं दोन पावसाळ्यांत मेली. भरतीचं पाणी आत येतं, पण बांधाचं दार नीट उघडत नसल्यामुळे ओहोटीला बाहेर जात नाही, मुळं कुजतात. त्यापेक्षा दार दुरुस्त केलं असतं तर तिवर आपोआप आली असती. मी विचारलं, मग हे मघाशी का नाही सांगितलंत? ती म्हणाली, ते फळ्यावर नव्हतं.

तेव्हा रेकॉर्डर बंद होता.

आता हे शास्त्राच्या बाजूने बघा. कांदळवन पुनर्स्थापनेतली मोठी चूक नेमकी हीच आहे. प्रिमावेरा आणि एस्टेबान यांनी २००८ मध्ये फिलिपिन्समधल्या लागवडींचा आढावा घेतला. लाखो रोपं लावूनही दीर्घकाळ जगण्याचं प्रमाण साधारण १० ते २० टक्के. कारण काय, तर चुकीची जागा आणि चुकीची प्रजाती: जिथे मुळात तिवर-चिप्पी उगवायची, तिथे लावायला सोपी म्हणून कांदळाची रोपं. पाणी कुठे किती वेळ थांबतं हे आधी समजून घ्यायचं, लागवड नंतर. बऱ्याचदा लागवडीची गरजच पडत नाही. काकीने हेच सांगितलं होतं, तेही एकही पेपर न वाचता. आणि आपल्या प्रशिक्षणाने तिला ते सोडून कार्बनवर बोलायला शिकवलं.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी इथे थांबावं. तुम्ही अशा गावात इंटरव्ह्यू घ्याल, ट्रान्सक्रिप्टचं कोडिंग कराल आणि लिहाल की ‘समुदायामध्ये कार्बन साठवणुकीबाबत जाणीव दिसून आली’. ती जाणीव फळ्यावरची आहे. मोजमापाच्या भाषेत बोलायचं तर तुम्ही स्वतःच्याच उपकरणाचा आवाज मोजलात. डेव्हिड मॉसचं ‘कल्टिव्हेटिंग डेव्हलपमेंट’ (२००५) जरूर वाचा. पश्चिम भारतातल्या भिल्ल भागातल्या एका शेतीप्रकल्पावर ते आहे, आणि मॉस त्या प्रकल्पात स्वतः सल्लागार होता. प्रकल्प जे देऊ शकतो तेच लोक ‘आमची गरज’ म्हणून मांडायला शिकतात, हे तो दाखवतो. मला हे वाचून धक्का वगैरे बसला नाही. आमच्याकडे शेततळ्याची योजना आली की गावाला शेततळं हवं असतं, ठिबकची आली की ठिबक. लोक खोटं बोलत नाहीत हो, समोरचा काय ऐकायला आलाय ते त्यांना कळतं.

कोकणातही तसंच. राज्य सरकारची २०१७ ची कांदळवन संरक्षण व उपजीविका योजना खेकडापालन, पर्यटन अशा उद्योगांना अनुदान देते. गावात समिती असते. त्याच साहेबांसमोर माईक धरून ‘रोपं मेली’ म्हणायची हिंमत प्रशिक्षणातून कशी येणार?

मग शिकवूच नये का? तसं मला वाटत नाही. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन सफर घडवतात. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या प्रकल्पातून त्यांना मदत आणि प्रशिक्षण मिळालं. तेही शिकवलेलंच बोलणं, आणि ते पर्यटन आहे, पुनर्स्थापना नव्हे, हे मान्य. पण होडीत पर्यटक शेजारी बसलेला असतो आणि प्रश्न विचारतो. हे मूळ असं वर का आलंय? इथे मासे कमी झाले का? अशा प्रश्नांची उत्तरं पाठ करून चालत नाही. स्टेजवर प्रश्नच येत नाहीत, टाळ्या येतात.

दुसरी एक जागा आहे, जिच्याबद्दल मी बसले त्या प्रशिक्षणात एक शब्दही निघाला नाही: जनसुनावणी. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार सुनावणीचं चित्रीकरण करावं लागतं आणि शेवटी कामकाजाचा सारांश हजर लोकांना स्थानिक भाषेत समजावून सांगावा लागतो. आपलं म्हणणं त्यात आलं नाही तर तिथल्या तिथे उठून सांगता येतं. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये कांदळवन तोडणं हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आणि लोकांच्या तक्रारी ऐकायची यंत्रणा उभारायला सांगितलं. तक्रार कुठे, कशी, कोणत्या पुराव्यानिशी मांडायची, हे तीन मिनिटांच्या भाषणापेक्षा जास्त कामाचं शिक्षण झालं असतं.

माझ्या प्रबंधात ती पहिली रेकॉर्डिंग्ज मी वापरत नाही. गाइडना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, टाकू नकोस, ‘प्रशिक्षणात काय शिकवलं गेलं’ याचा डेटा म्हणून ठेव. तसं ठेवलंय. आणि येत्या ओहोटीला काकीबरोबर बांधाच्या दारापाशी जायचं ठरलंय, मोजपट्टी घेऊन. पाणी किती वेळ थांबतं ते आधी ती सांगणार आहे, मग मी मोजणार आहे.